बैठकीचें शास्त्र

ग्रंथ लहान असला म्हणजे त्यांतील विचारही लहान असावयाचा, असा एक समज आपल्याकडील सुशिक्षित वाचकांत नकळत रुजलेला आहे. आणि ‘बसावें कसें’ हें सांगणारा ग्रंथ म्हटला कीं त्याची जागा वैद्यकाच्या किंवा व्यायामाच्या कपाटांत, वाङ्मयाच्या कपाटांत नव्हे, असा दुसराही एक समज आहे. या दोन्ही समजांस एकाच वेळीं धक्का देणारें एक चिमुकलें पुस्तक तेराव्या शतकांत जपानांत लिहिलें गेलें. दोगेन या भिक्षूचें ‘फुकान झाझेंगी’ हें तें पुस्तक होय. झाझेन म्हणजे बसून करावयाचें ध्यान. त्याची सर्वांस केलेली शिफारस व त्याचा विधि, असा या नांवाचा स्थूल अर्थ. त्याचा विस्तार चार-पांच छापील पानांहून अधिक नाहीं. परंतु सोतो पंथाच्या मठांतून रात्रीच्या बैठकीच्या वेळीं तें आजही म्हटलें जातें. ज्या आसनाचें वर्णन करावयाचें त्याच आसनांत बसून ज्याचा पाठ होतो, असे ग्रंथ विरळाच. अशा पुस्तकाची पूजा पुष्कळांनीं केली आहे. त्याचें परीक्षण करणें हें त्याहून अवघड, परंतु अधिक उपयोगाचें काम आहे. लेखन म्हणून हें पुस्तक उत्तम आहे काय, आणि सल्ला म्हणून तें निर्धोक आहे काय, असे दोन प्रश्न आम्ही येथें विचारणार आहों. हे प्रश्न भिन्न आहेत, आणि आमच्या मतें त्यांचीं उत्तरेंही भिन्न आहेत.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. दोगेनचा जन्म १२०० सालचा. लहानपणींच त्यास मातृवियोग घडला, कोवळ्या वयांत त्यानें दीक्षा घेतली, आणि १२२३ सालीं तो सद्गुरूच्या शोधार्थ चीन देशास गेला. तेथें तिएनतुंग पर्वतावरील मठांत रुजिंग या आचार्यांपाशीं त्याचें समाधान झालें, व १२२७ सालीं तो स्वदेशीं परतला. चिनी लोकांचें ‘चान’ आणि जपानी लोकांचें ‘झेन’ हीं दोन्ही आपल्या ‘ध्यान’ शब्दाचींच रूपांतरें आहेत, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परत आल्यावर त्याच वर्षीं दोगेननें या पुस्तकाचा पहिला खर्डा केला. तो आज उपलब्ध नाहीं. १२३३ सालची त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरांतील प्रत मात्र एइहेइजी मठानें जपून ठेविली असून जपानच्या राष्ट्रीय ठेव्यांत तिची गणना होते. पुढें दोगेननें हा मजकूर पुन्हां सुधारला, आणि मठांतून आज म्हटला जातो तो पाठ या सुधारलेल्या प्रतीचा आहे.

आतां या पुस्तकाविषयींची पहिली गोष्ट अशी कीं, त्याचा बराचसा भाग दोगेनचा स्वतःचा नव्हेच. झोंगझे नांवाच्या चिनी आचार्यानें ११०३ सालीं मठांच्या नियमांचा एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्याशीं निगडित असें बैठकीच्या विधीचें एक छोटें प्रकरण आहे. दोगेननें त्यांतील वाक्यांमागून वाक्यें उचललीं आहेत. आजच्या दृष्टीनें याला वाङ्मयचौर्य म्हणण्याचा मोह कोणास होईल. परंतु जुन्या विद्येंत पूर्वसूरींचें वाक्य जसेंच्या तसें घेणें हा त्यांचा गौरवच समजला जाई. टीकाकारास अशा उसनवारीचा एक मोठा लाभ असतो. लेखकानें काय घेतलें याहून काय गाळलें, हें येथें अगदीं स्वच्छ दिसतें. आणि गाळलेल्या शब्दांतच लेखकाचा खरा कल पुष्कळदां उघडा पडतो.

दोगेनचा विधि थोडक्यांत असा. शांत खोली असावी, खाणेंपिणें बेताचें असावें, व्यवहाराच्या खटपटी बाजूस ठेवाव्या. खालीं जाड आसन, त्यावर गोल उशी. पद्मासन किंवा अर्धपद्मासन घालावें. वस्त्रें सैल पण नीटनेटकीं असावीं. उजवा हात पायावर, त्यावर डावा तळहात, आणि दोन्ही अंगठ्यांचीं टोकें एकमेकांस टेकलेलीं. डावीउजवीकडे कलूं नये, पुढेंमागें झुकूं नये. कान खांद्यांच्या रेषेंत, नाक बेंबीच्या रेषेंत. जीभ टाळूस, ओठ व दांत मिटलेले, डोळे मात्र सदैव उघडे. श्वास नाकानें, हळुवार. एकदां बैठक जमली कीं एक दीर्घ श्वास सोडावा, अंग दोन्ही बाजूंस डोलवून पाहावें, आणि मग अचल व्हावें. उठतांनाही घाई करूं नये. एवढें झालें कीं विधि संपला. गीतेच्या सहाव्या अध्यायांतील आसनविधि ज्यांच्या वाचनांत आहे त्यांस यांत परकें असें फार थोडें वाटेल. मिताहार, शांत जागा आणि शरीर, मान व मस्तक यांची समरेषा या सर्व गोष्टी तेथेंही आहेत.

या वर्णनांत एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधूं इच्छितों. ज्या बैठकीचा सारा डोलारा पाठकण्यावर उभा, त्या बैठकीच्या या वर्णनांत पाठकण्याचें नांवच नाहीं! झोंगझेनें तें घेतलें होतें. कंबर, कणा, मान आणि मस्तक यांचीं हाडें एकावर एक अशीं आधारलेलीं असावीं, स्तूपासारखीं, असें तो सांगतो. आणि लगेच बजावतो कीं, अंग फाजील ताणून उंच करूं नये, नाहीं तर श्वास धापेचा होऊन मन अस्वस्थ होतें. दोगेनच्या प्रचलित पाठांतून कणाही गेला, स्तूपाची उपमाही गेली, आणि हा इशाराही गेला. उरल्या त्या दोन रेषा: कानापासून खांद्यापर्यंत एक, नाकापासून बेंबीपर्यंत दुसरी.

लेखनदृष्ट्या हा बदल आम्हांस मोठा मार्मिक वाटतो. कोणासही ‘कणा ताठ कर’ म्हणून सांगा, तो छाती पुढें काढून, खांदे मागें खेंचून, कंबरेशीं बांक देऊन बसेल. कारण आपला कणा आपणांस दिसत नाहीं, आणि न दिसणाऱ्या वस्तूवर हुकूम चालविला कीं भलतेच स्नायू कामाला लागतात. कान आणि खांदा यांचें नातें मात्र ज्याचें त्यास जाणवतें. गवंडी भिंतीस ‘सरळ हो’ म्हणून सांगत नाहीं. तो ओळंबा सोडतो. दोगेननें शरीरांत असे दोन ओळंबे सोडले. वजन कोठें पडलें हें त्यावरून आपोआप कळतें, आणि कण्यानें काय करावें हें कण्यावरच सोंपविलें जातें.

शरीररचनाशास्त्राच्या कसोटीसही ही योजना उतरते. मानेचे सात, छातीमागील बारा आणि कमरेचे पांच असे चोवीस सुटे मणके, त्यांखालीं पांच मणके एकजीव होऊन झालेलें त्रिकास्थि, आणि शेवटीं माकडहाड, अशी पाठकण्याची रचना आहे. बाजूनें पाहिलें असतां निरोगी कणा काठीसारखा सरळ कधींच नसतो. मानेशीं आणि कमरेशीं तो पुढें वळतो, छातीमागें पाठीकडे वळतो. ज्यास आपण ‘ताठ बसणें’ म्हणतों तें या तीन वळणांचा तोल सांभाळणें होय, तीं पुसून टाकणें नव्हे. हा तोल खालून ठरतो. सपाट जमिनीवर मांडी घातली असतां, ज्यांचे खुबे व मांड्यांचे मागील स्नायू आंखडलेले आहेत अशांची श्रोणि मागें कलंडते, कमरेचें वळण सपाट होतें, आणि पाठीला पोक येतें. मग चार-पांच किलो वजनाचें मस्तक पुढें लोंबतें, व तें सांवरण्यांत मानेचे स्नायू शिणून जातात. बुडाखालीं उशी आली कीं खुबे गुडघ्यांहून उंच होतात, श्रोणि किंचित् पुढें झुकते, कमरेचें वळण कायम राहतें, आणि दोन गुडघे व बैठक मिळून एक भक्कम तिवई तयार होते. १२४३ सालीं लिहिलेल्या ‘झाझेंगी’ नामक जपानी प्रकरणांत दोगेननें हें अधिक स्पष्ट केलें आहे. उशी साऱ्या मांडीखालीं घेऊं नये, मागील अर्ध्या भागाखालींच घ्यावी, म्हणजे पाय आसनावर आणि कणा उशीवर येतो, असें तो तेथें सांगतो. कण्याचें नांव त्यानें येथें घेतलें, तेंही ‘ताठ कर’ म्हणण्यासाठीं नव्हे. त्याच्या खालीं काय असावें हें सांगण्यासाठीं! ज्याचा पाया नीट घातला त्यास वरून ओढावें लागत नाहीं, हें मर्म त्या भिक्षूस शरीरशास्त्राच्या पुस्तकांवांचून कळलें होतें.

डोळे उघडे ठेवण्याच्या आग्रहाबद्दलही असेंच म्हणतां येईल. कासामात्सु आणि हिराई या जपानी संशोधकांनीं झाझेन करणाऱ्यांच्या मेंदूंतील विद्युल्लहरींचें निरीक्षण १९६६ सालीं प्रसिद्ध केलें. सामान्यतः डोळे मिटून स्वस्थ असतांना ज्या ‘आल्फा’ लहरी ठळकपणें दिसतात, त्या या साधकांत डोळे उघडे असतांनाही त्यांस आढळल्या. यावरून दोगेनचें तत्त्वज्ञान सिद्ध झालें असें मानणारे उत्साही लेखक पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यापैकीं नाहीं. लहरींवरून एवढेंच दिसतें कीं, जागेपणा आणि शांतता यांचें वैर अपरिहार्य नाहीं.

येथवर आम्हीं आसनाविषयीं बोललों. परंतु पुस्तकाचा खरा गाभा आसन आणि मन यांच्या संबंधांत आहे, आणि तेथें दोन्ही पाठांची तुलना फार बोधप्रद ठरते. १२३३ सालच्या हस्तलिखितांत मनाविषयींची सूचना झोंगझेचीच आहे: विचार उठला कीं त्याची जाणीव ठेवावी, जाणिवेसरशीं तो विरतो, आणि दीर्घ अभ्यासानें चित्त एकजीव होतें. ही एक रीत झाली. तिला आरंभ आहे, पायऱ्या आहेत आणि फळही आहे. सुधारलेल्या पाठांत ही सूचना नाहींशी झाली, आणि तिच्या जागीं याओशान या प्राचीन आचार्याचा एक संवाद आला. त्यांत विचार व विचाराचा अभाव या दोहोंच्याही पलीकडील अवस्थेचा निर्देश आहे, पण तेथें जावें कसें याचा एक शब्दही नाहीं. शरीराविषयींच्या सूचना मुख्यतः होत्या तशाच राहिल्या. म्हणजे मनाची शिडी काढून घेतली, आणि खालची बैठक तेवढी ठेविली. हा हलगर्जीपणा नव्हे. झाझेन ही ध्यानाची क्रमाक्रमानें शिकावयाची विद्या नसून तो सुखाचा व स्वस्थतेचा मार्गच आहे, असें दोगेन तेथेंच स्पष्ट बजावतो. बसणें हें बोधाचें साधन असेल तर बोध दूर राहिला. नीट बसणें हाच बोधाचा आविष्कार असेल तर दूर जावयास कांहीं उरलेंच नाहीं, असा त्याचा रोख आहे.

मराठी वाचकांस ही भूमिका आपल्या घरच्या एका महान् ग्रंथाशीं ताडून पाहतां येईल. दोगेनच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांच्या आंतच, १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. आणि तिच्या सहाव्या अध्यायांत ज्ञानदेवांनीं गीतेच्या मोजक्या श्लोकांवर आसनाचें जें विस्तृत वर्णन केलें आहे, त्याची बरोबरी आसनविषयक वाङ्मयांत क्वचितच कोणी केली असेल. जागेची रमणीयता, आसनाचे थर, टांचेची योजना, तिन्ही बंध, अर्धोन्मीलित दृष्टि, आणि मग कुंडलिनीचें जागें होणें! तेथें आसन म्हणजे चूल आहे. खालीं जाळ लागतो, वर कांहीं तरी शिजूं लागतें, आणि कणा हा त्या ऊर्ध्वगमनाचा राजमार्ग होतो. दोगेनच्या पुस्तकांत वर कांहींच चढत नाहीं. त्याचा साधक अंग डोलवून स्थिर होतो, आणि वर्णन तेथेंच थांबतें. ज्ञानदेवांचें प्रकरण वाचतांना डोळ्यांपुढें दीपमाळ उजळत जाते; दोगेनचें वाचतांना सारवलेल्या स्वच्छ अंगणांत उभें राहिल्यासारखें वाटतें. कोणतें थोर हा प्रश्न निरर्थक होय. एकाच शतकांत, एकाच ‘ध्यान’ शब्दाच्या दोन दूरच्या शाखांवर, एकाच मांडीचे इतके भिन्न अर्थ लागावे, यांतच त्या मांडीची श्रीमंती आहे.

परंतु आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळलें पाहिजे. सल्ला म्हणून हें पुस्तक निर्धोक आहे काय? बैठकीच्या फाजील स्तोमाविरुद्धचा आक्षेप झेन परंपरेच्या पोटांतच फार जुना आहे. मात्सु हा तरुण भिक्षु बुद्ध होण्यासाठीं ध्यानस्थ बसला असतां त्याचे गुरु नानयुए यांनीं एक कौल घेऊन घांसावयास आरंभ केला. आरसा करण्यासाठीं घांसतों, असें त्यांनीं सांगितलें. कौल घांसून आरसा होत नाहीं, तर मग बसून बुद्ध कसा होईल, हें त्या गोष्टीचें सर्वमान्य तात्पर्य. १२४२ सालच्या ‘झाझेन्शिन’ या प्रकरणांत दोगेन ही गोष्ट उलटी वाचतो. मात्सु हा आधींच बोध पावलेला होता, म्हणून त्याचें बसणें हें कांहीं मिळविण्यासाठीं नव्हतेंच, असें त्याचें म्हणणें. या अर्थविवरणाचें चातुर्य आम्ही मान्य करितों. तथापि आक्षेपाचें त्यानें पूर्ण निरसन होतें असें आम्हांस वाटत नाहीं. बैठक हीच बोधाचें रूप ठरली, तर ज्यास ती बैठक जमत नाहीं त्याचें काय?

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. पुस्तकाच्या नांवांत ‘सर्वांस’ हा शब्द आहे, आणि बुद्धिमान् व मंद असा भेद येथें नाहीं, असें लेखक आवर्जून सांगतो. बुद्धीचा भेद गेला खरा, पण शरीराचा भेद राहिला. पद्मासनांत मांडी मुळाशीं बाहेरच्या अंगास वळावी लागते, आणि ही वळण्याची क्षमता खुब्याच्या सांध्याच्या घडणीवर अवलंबून असते. ती माणसामाणसांत निराळी आहे. खुबा वळत नसतां पाऊल बळेंच वर ओढलें, तर पिळा गुडघ्यावर पडतो व तेथील कूर्चेस इजा होऊं शकते. बिजागरीस मळसूत्राचें काम सांगण्यासारखेंच तें आहे. म्हाताऱ्या, आजारी किंवा अपंग मनुष्यास या चार-पांच पानांत जागा नाहीं. अर्धपद्मासन एवढीच काय ती सवलत. झोंगझेचा तो अतिताणाविरुद्धचा इशारा येथें असता तर लेखकाची करुणा त्याच्या तर्काइतकीच परिपूर्ण दिसली असती. लेखन रेखीव करण्यासाठीं गाळलेलें तें एक वाक्य साधकांच्या दृष्टीनें फार महाग पडलें, असें आमचें मत आहे.

ही उणीव पुढें दुसऱ्याच पंथाच्या एका पुरुषानें भरून काढली. रिन्झाई पंथाचा प्रख्यात आचार्य हाकुइन (जन्म १६८६) हा तरुणपणीं अतिरेकी साधनेनें खचला. त्याच्या आजारास पुढें ‘झेनचा आजार’ असें नांव पडलें. १७५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘यासेन कान्ना’ या पुस्तकांत त्यानें त्यावरील उपाय सांगितला आहे. तो उपाय म्हणजे काय? उताणें निजावें, दोन्ही पाय जुळवून लांब करावे, आणि चित्त व प्राण बेंबीखालीं आणि तळपायांपर्यंत उतरवावे! कडक बैठकीबद्दल ज्याची ख्याति, त्या संप्रदायाच्या एका मुकुटमण्यानें आजारी साधकास निजावयास सांगावें, ही गोष्ट दोगेनच्या प्रत्येक वाचकानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

ताठ बैठकीचा आणखी एक धोका आहे, आणि तो शरीराचा नाहीं. अचल बसणें, तक्रार न करणें, ‘स्व’ विसरणें हे गुण भिक्षूच्या अंगीं शोभतात. तेच गुण सेनापतीसही फार सोयीचे असतात. १९४५ सालीं संपलेल्या युद्धाच्या काळांत जपानांतील कित्येक झेन आचार्यांनीं या बैठकीची शिस्त सैनिकी आज्ञाधारकतेच्या दावणीस बांधली. ब्रायन व्हिक्टोरिया यांनीं १९९७ सालच्या ‘झेन ॲट वॉर’ या ग्रंथांत त्याचा पुरावा सविस्तर मांडला. त्यापूर्वींच, १९९२ सालीं, सोतो पंथानें आपल्या गतवर्तनाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला होता. याचा दोष सातशें वर्षांपूर्वींच्या लेखकाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु शरीराचा कणा सरळ झाला म्हणजे मनुष्याचा कणा सरळ झाला, असा आपल्या भाषांतील वाक्प्रचारांनीं करून दिलेला भ्रम मात्र या इतिहासानें कायमचा दूर व्हावयास हरकत नाहीं. नाक बेंबीच्या रेषेंत ठेवून मनुष्य अन्यायापुढें मान तुकवूं शकतो. आणि ज्याची पाठ वयानें वांकली आहे असा म्हाताराही अन्यायापुढें ताठ उभा राहूं शकतो.

मग या पुस्तकाचें शेवटीं मोल काय ठरवावें? लेखन म्हणून तें निःसंशय पहिल्या प्रतीचें आहे. एकही शब्द फुकट नाहीं, एकही सूचना धूसर नाहीं, आणि अत्यंत क्षुद्र वाटणाऱ्या बाबींतून, म्हणजे अंगठ्याचें टोंक, जिभेची जागा, उठतांनाची सावकाशी यांतून, जीवनाविषयींची एक संपूर्ण दृष्टि व्यक्त होते. ध्येय दूर ठेवून आजचा दिवस त्याच्या पायरीसारखा वापरणें ही आपणां सुशिक्षितांची जन्माची खोड आहे. परीक्षेसाठीं शिकणें, बढतीसाठीं राबणें, पुण्यासाठीं पूजा करणें. जें करावयाचें तें करण्यांतच पुरें आहे, असें केवळ बसण्याच्या उदाहरणानें सांगणारा लेखक अशा वाचकांस हवाच आहे. सल्ला म्हणून मात्र हें पुस्तक एकट्यानें वाचूं नये. एका बाजूस झोंगझेचा इशारा आणि दुसऱ्या बाजूस हाकुइनचें अंथरूण ठेवून वाचावें. परदेशांतील बऱ्याच झेन केंद्रांतून आज खुर्चीवर किंवा लहान लांकडी बांकावरही बसूं देतात, आणि त्यांतही कान खांद्यांवर व नाक बेंबीवर राहतेंच. दोगेनचे दोन ओळंबे तेथेंही तितकेच खरे लागतात. ते मांडीवर अवलंबून नाहींत, वजनावर अवलंबून आहेत. आणि वजन तर सर्वांसच आहे. ‘सर्वांस’ हा जो शब्द लेखकानें नांवांत घातला आणि पुढें विधींत पुरता पाळला नाहीं, तो अशा रीतीनें त्याच्याच ओळंब्याच्या जोरावर वाचकांनीं पाळावा, आणि ज्यास पद्मासन साधत नाहीं त्याच्यासाठींही त्या शांत खोलींत एक जागा राखून ठेवावी, एवढीच आमची शिफारस आहे.